नाचणेकाकांची अकरा मिनिटं

मंगळवारची सकाळ होती. लायडन स्टेशनच्या सायकलतळावर मी सायकलचं कुलूप काढत होते आणि फोन वाजला. शैलाकाकू. आवाज नेहमीसारखाच, येताना कोथिंबीर आण म्हणून सांगावं तसा. "मेघना, हे गेले गं. पहाटे. त्रास नाही झाला... तू कामावर निघाली असशील ना? मग काम आटपून ये. आता घाई अशी काही नाही." किल्ली हातात धरून मी तशीच उभी राहिले. मागच्या माणसानं घंटी वाजवली तेव्हा भानावर आले, कुलूप परत लावलं आणि उलट्या गाडीनं नीउ-व्हेनेपला परतले. नाचण्यांच्या घरी पोचले तेव्हा काकू मृत्यूचा दाखला लिहायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना चहा देत होत्या, आणि त्या डच बाई तो आल्याचा चहा दोन्ही हातांत कप धरून जपून जपून पीत होत्या. वरच्या खोलीत सुधाकर नाचणे, आमचे नाचणेकाका, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन निजले होते. वय चौसष्ट. स्वादुपिंडाचा कर्करोग दिवाळीनंतर कळला आणि होळीच्या आत सगळं संपलं.

सव्वा महिना झाला त्याला. आमच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. लोक चांगलं बोलले, मनापासून बोलले. काका गणपतीत दोनशे खुर्च्या कशा एकट्यानं मांडायचे, माईक बिघडला तर कुणावर न चिडता कसा दुरुस्त करायचे, नव्यानं आलेल्या जोडप्यांना नगरपालिकेत नाव नोंदवायला स्वतः सोबत कसे जायचे, सगळं निघालं. फक्त काका ज्यात बोलले होते त्या माहितीपटाचं नाव कुणी काढलं नाही. सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकानं तो पाहिला होता, तरी नाही. मीही उठून बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं तेव्हापासून वाटतंय, म्हणून हे लिहितेय.

काकांची आणि माझी पहिली ओळख वादळाच्या गोष्टीमुळे झाली. मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इथं आले, दोन वर्षं घरात बसून डच शिकले आणि लायडनला एका प्रयोगशाळेच्या कार्यालयात कामाला लागले. त्या सुमारास मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीनंतर पोरं एका चष्मेवाल्या, सडपातळ गृहस्थांना घेरून बसायची. "काका, स्टॉर्मची स्टोरी!" मग काका सांगायचे. ते मूळचे गिरगावचे. फोर्टातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात सेल्समन होते. मालकाच्या नातलगाचं कॅरिबियनमधल्या एका बेटावर दुकान होतं, त्यानं बोलावलं म्हणून लग्नानंतर वर्षभरात दोघं तिकडे गेले आणि बावीस वर्षं राहिले. बेट एवढंसं, अर्धं डचांचं, अर्धं फ्रेंचांचं. मोठमोठ्या जहाजांतून प्रवासी उतरायचे आणि काका त्यांना कॅमेरे विकायचे. मूलबाळ झालं नाही, पण घर झालं, शेजार झाला, डच पासपोर्ट झाला... आणि मग एके वर्षी ते चक्रीवादळ आलं आणि बेटावर क्वचितच एखादं छप्पर शिल्लक राहिलं.

गोष्ट सांगताना काका रंगात यायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन न्हाणीघरात तिघं जण गादीखाली कसे बसलो, पत्रे कसे कागदासारखे उडाले. आणि त्यानंतरचं तर अधिकच. "आम्ही काय केलं, कोसळलेल्या एका हॉटेलातून मोठं पातेलं आणलं. रोज चाळीस माणसांची खिचडी. तांदूळ असेल तर तांदूळ, नाहीतर मक्याचं पीठ. आम्ही पाण्याच्या रांगेत पहाटेपासून उभे..." पोरं डोळे विस्फारून ऐकायची, मध्येच डचमध्ये काहीतरी विचारायची, काका इंग्रजीत उत्तर द्यायचे. शेजारच्या खुर्चीवर काकू शांतपणे केळीची पानं पुसून एकावर एक रचत असायच्या. त्या कधी मध्ये बोलल्या नाहीत. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या नीउ-व्हेनेपला घर घेतलं त्यावरून काका शेवटी हमखास एक विनोद करायचे, "समुद्राला भिऊन पळालो आणि आटवलेल्या सरोवराच्या तळाशी येऊन राहिलो!" सगळे हसायचे. मीही.

तीन वर्षांपूर्वी मारिका नावाच्या एका डच दिग्दर्शिकेनं माझ्याशी संपर्क साधला. त्या वादळातून वाचून नेदरलँड्समध्ये आलेल्या चार घरांवर ती माहितीपट करत होती. प्रत्येकानं आपापल्या भाषेत बोलावं अशी तिची इच्छा होती. शैलाकाकूंनी होकार दिला होता, पण त्यांचं मराठी समजायला आणि पुढं त्याची डच उपशीर्षकं करायला माणूस हवं होतं. मी फावल्या वेळात भाषांतरं करायचे, म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. एका शनिवारी नाचण्यांच्या बैठकीच्या खोलीत दिवे लागले. मारिकानं काकांनाही बसायला सांगितलं तर ते हातच हलवायला लागले. "मी कशाला? ही बोलेल. तिला सगळं आठवतं. मी चहाचं बघतो." आणि ते स्वयंपाकघरात गेले.

काकू दोन तास बोलल्या. सरळ, सावकाश, हातवारे न करता. वादळाबद्दल फार थोडं, त्यानंतरच्या दिवसांबद्दल जास्त. शेजारच्या मिस अर्नेस्टीन ऐंशी वर्षांच्या, जवळजवळ आंधळ्या, त्यांना कोणी नाही. उडालेल्या छपराच्या जागी निळी ताडपत्री बांधली ती रोज सुटायची. मी मारिकाचे प्रश्न मराठीत विचारत होते. "विमानं यायला लागली तेव्हा तुम्ही बेट का सोडलं नाही, असं ती विचारतेय." काकू म्हणाल्या, "अर्नेस्टीनला कोण बघणार होतं? तिची भाची यायला दोन महिने लागले." मग म्हणाल्या, "हे तिसऱ्या दिवशी विमानानं गेले. मी राहिले." त्याच क्षणी स्वयंपाकघरात नळ जोरात सुरू झाला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीनं हात वर केला, कुणीतरी जाऊन नळ बंद करायला सांगितलं. आजही त्या मुद्रणात काकूंच्या वाक्याच्या शेपटाला पाण्याचा तो आवाज ऐकू येतो.

मी घरी जाताना सायकलवर हिशेब जुळवत होते. तिसऱ्या दिवशी गेले... मग चाळीस माणसांची खिचडी? पाण्याची रांग?

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. तेव्हा ते बाडहूव्हडॉर्पजवळ विमानतळाच्या मालगोदामात कामाला होते. सकाळची पाळी संपवून ते लायडनला आले आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही कालव्याकाठच्या बाकावर बसलो. त्यांनी डब्यातली पोळी काढली, अर्धी मला दिली, आणि समोरच्या बदकांकडे बघत म्हणाले, "मेघना, तू ते खाली डचमध्ये लिहिणार आहेस ना... ते एक वाक्य गाळता येईल का? विमानाचं."

"काका, डच अक्षरं गाळली तरी काकूंचा आवाज मराठीतच असणार. आपली माणसं ऐकणारच."

"मग त्या बाईला सांग, तेवढं कापून टाक म्हणावं. तिला काय फरक पडतो? दोन तासांचं बोलणं आहे."

"हे मी कसं ठरवू? काकूंचं बोलणं आहे ते. त्यांनाच सांगा की."

काका हसले, पण ते हसू नव्हतं. "तेच तर. इतकी वर्षं झाली, आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नाही. मी गणपतीत 'आम्ही आम्ही' करून सांगतो, ती ऐकते. घरी येताना गाडीत कधी म्हणाली नाही, की अहो, तुम्ही कुठे होतात तेव्हा? एकदा म्हणायला हवं होतं तिनं..." डबा बंद करून ते उठले. "जाऊ दे. तू तुझं काम कर. मी विचारलं हे विसर."

विसरणं शक्य नव्हतं. घरी बसून मी सगळी उपशीर्षकं केली आणि ती एक ओळ कोरी ठेवली. पाच शब्दांचं साधं वाक्य, पाचवीतल्या पोरानं भाषांतर करावं असं. मारिकाची मुदत जवळ आली. काकूंना सांगावं तर काकांचा विश्वास मोडतो. न सांगावं तर एका माणसाचा तोंडावळाच बदलून टाकणारी गोष्ट मी आपल्या हातानं लोकांपुढे ठेवतेय. नवरा म्हणाला, "तू फक्त भाषांतरकार आहेस." ते खरं होतं, पण त्या बाकावर मी अर्धी पोळी खाल्ली होती.

मुदतीच्या दोन दिवस आधी काकांचाच फोन आला. "त्या बाईला विचार, आणखी एक दिवस येशील का. मला बोलायचंय." काकूंशी बोललात का, असं मी विचारलं. "बोललो. म्हटलं, मी सांगू का सगळं? तर म्हणाली, सांगा, पण माझ्यासाठी सांगू नका, मला ठाऊकच आहे."

तर असा तो दुसरा दिवस. या वेळी काकू स्वयंपाकघरात आणि काका खुर्चीवर. इस्त्रीचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, केस पाणी लावून बसवलेले. आयुष्यभर कॅमेरे विकलेला माणूस, पण भिंगाकडे कसं बघावं ते त्यांना कळेना. शेवटी मी मारिकाच्या शेजारी सरकून बसले. ते माझ्याकडे बघून बोलले. अंतिम माहितीपटात ते अकरा मिनिटं दिसतात, आणि त्या अकरा मिनिटांत त्यांची नजर जिथे आहे तिथे मी आहे.

ते म्हणाले, "वादळात मला भीती वाटली नाही. खरंच नाही. पाच-सहा तास न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसलो होतो, पाय समोरच्या भिंतीला. त्या वेळी घाबरायला सवडच नव्हती. भीती वाटली तिसऱ्या दिवशी. रेडिओवर सांगत होते, मागोमाग दुसरं वादळ येतंय. छप्पर नाही, दार नाही... मला वाटलं, आता पुन्हा नाही जमणार. विमानतळावर रांग होती. आजारी, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आधी. मी शैलाला म्हटलं, चल. ती म्हणाली, अर्नेस्टीनला सोडून कशी येऊ? मी म्हटलं, मग मी... ती म्हणाली, तुम्ही जा. रागानं नाही. दुकानात जाऊन या म्हणावं ना, तसं."

इथं त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि परत घातला. माहितीपटात मारिकानं तेही तसंच ठेवलं आहे.

"यादी करणाऱ्या बाई होत्या एक. त्यांना मी सांगितलं, माझ्या छातीत दुखतंय. दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. त्यांनी मला पुढं घेतलं, खुर्ची दिली. माझ्या मागं एक माणूस होता, हाताला फडकं बांधलेला, त्यानं माझी पिशवी उचलून दिली... विमान दुसऱ्या बेटावर उतरलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं माझा ईसीजी काढला, सगळं तपासलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन, तुमचं हृदय अगदी ठणठणीत आहे. तो खूश झाला होता हो माझ्यासाठी..."

मी हे सगळं हलक्या आवाजात मारिकाला डचमध्ये सांगत होते. 'अभिनंदन' हा शब्द मला दोनदा सांगावा लागला. मारिकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुसरं वादळ आलंच नाही," काका म्हणाले. "बाजूनं निघून गेलं. शैला दोन महिन्यांनी आली. मी तोवर इथं नेदरलँड्सला आलो होतो, विमानतळावर घ्यायला गेलो. काय बोलायचं ते आठ दिवस घोकत होतो. ती आली, एक पिशवी, काळवंडलेली, बारीक झालेली. मला बघून म्हणाली, जेवलात का? झालं. मी घोकलेलं सगळं राहिलं ते आजपर्यंत. आणि मग लोक विचारायला लागले, वादळात काय झालं, काय झालं. तिनं मला जे थोडंफार सांगितलं होतं ते मी सांगत गेलो. खिचडी तिनं केली. रांगेत ती उभी होती. मी नव्हतो."

माहितीपट लायडनच्या एका छोट्या चित्रपटगृहात पहिल्यांदा दाखवला तेव्हा मंडळातली पस्तीसएक माणसं आली होती. काका काकूंच्या शेजारी तिसऱ्या रांगेत. दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या, पण आमची माणसं कोट घालण्यात नको इतकी गुंतली. एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "एवढं चारचौघांत सांगायची काय गरज होती? वय झालं, विसरून जायचं." काहींनी आठ-पंधरा दिवस काकांना फोन केला नाही. त्या वर्षीच्या गणपतीत पोरांनी "स्टॉर्मची स्टोरी" मागितली नाही, आयांनी आधीच दटावून ठेवलं असावं. काकांनी खुर्च्या मांडल्या, नेहमीसारख्या. मला वाटलं, आता हा माणूस हळूहळू यायचा बंद होईल.

झालं वेगळंच. आरतीनंतर मी चपला शोधत होते, तेव्हा बाहेरच्या पायरीवर काका आणि आमच्यातला एक तरुण इंजिनियर बसलेले दिसले. तो मुलगा रडत होता. वडील मुंबईत दवाखान्यात होते तेव्हा व्हिसाचं कारण सांगून तो गेला नव्हता. व्हिसाची काहीच अडचण नव्हती. हे त्यानं आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं, असं त्यानंच पुढं मला सांगितलं. काका त्याला काही समजावत नव्हते. नुसते "हं" म्हणत होते. त्यानंतर असं बऱ्याचदा दिसायला लागलं. कुणी त्यांना फिरायला घेऊन जायचं, कुणी गाडीनं घरी सोडतो म्हणायचं आणि गाडी तासभर दारात उभी असायची. ज्याच्यापुढे आपली अब्रू सांभाळावी लागत नाही असा एक माणूस आम्हाला सापडला होता. यातलं काय काय ऐकलं, ते काकांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही.

काकूंना मात्र या सगळ्याचा त्रास झाला, हेही लिहायला हवं. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "यांचं ओझं उतरलं, चांगलं झालं. पण आता बायका मला विचारतात, तुम्ही यांना माफ कसं केलंत? अगं, मी रागावलेच नव्हते तर माफ काय करू? उगाच मला देवी करून ठेवलंय." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "खरं सांगू? हे गेले ते बरंच झालं. राहिले असते तर माझा निम्मा दिवस यांना धीर देण्यात गेला असता. खिचडी कुणी केली असती?"

"हे काकांना सांगितलंत?"

"छे! त्यांना वाईट वाटेल."

जानेवारीत मी भेटायला गेले तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. औषधानं दुखणं ताब्यात होतं, बोलणं तुटक. मला बघून त्यांचे डोळे हसले. "हिनं सांगितलं मला," म्हणाले. "काय म्हणते माहितीये? तुम्ही गेलात ते बरं झालं, अडचण झाली असती तुमची." आणि ते हसायला लागले, आवाज न करता, पोट धरून. काकू उशी नीट करत होत्या. त्या म्हणाल्या, "हसा. आठ वर्षं तोंड लपवत फिरलात, मी म्हटलं सांगून टाकावं एकदाचं." मी काकांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी आणि त्यांची ती शेवटची भेट.

परवा रविवारी काकूंकडे गेले होते. जिन्याखाली एक अडगळीचं कपाट आहे, ते त्यांनी माझ्यासमोर उघडलं. आत काकांनी सगळं रचून ठेवलेलं. पाण्याचे चार मोठे कॅन, बॅटरी, दोरी, घडी घातलेली ताडपत्री, काडेपेटी डब्यात बंद करून. इथं तसलं वादळ येत नाही, झाडं पडतात, गाड्या बंद होतात, एवढंच. तरी होतं. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या सुबक अक्षरातला कागद चिकटवलेला. वादळाची सूचना आल्यास काय करायचं, त्याची यादी. सायकली आत घेणे. खिडक्या पाहणे. फोन चार्ज करणे. शेजारच्या आजींना विचारणे. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर कधीतरी लिहिलेलं, 'शैला म्हणेल तसे.'

काकू ते वाचत उभ्या नव्हत्या. त्यांनी आधीच वाचलं असणार, किती वेळा कोण जाणे. त्या कॅन बाहेर ओढत होत्या. "हे पाणी दर तीन महिन्यांनी बदलायचे हे. तारीख उलटून गेली बघ. धर जरा." आम्ही दोघींनी ते कॅन मागच्या बागेत नेले आणि जुनं पाणी गुलाबांना घातलं. मग मी एकेक स्वयंपाकघरात आणून भरायला लागले. दोन भरल्यावर विचारलं, "काकू, आता एकट्याच आहात, दोन पुरतील ना?"

त्या ओट्याशी फडकं पिळत होत्या. "चारही भर," म्हणाल्या. "शेजारी आहेत की."